दादरचं बाळ आणि लिटरची बाटली: गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या घडवू पाहणाऱ्या कॉलेजांसाठी

कॉलेजात सार्वजनिक आरोग्याचा सर्टिफिकेट कोर्स सुरू करायचं ठरलं, समन्वयक म्हणून प्राचार्यांनी तुमचं नाव घातलं, आणि आता कोरं रजिस्टर समोर ठेवून तुम्ही बसला आहात. हा लेख तुमच्यासाठी. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत हे काम करता येतं, पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातलं गाव आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातला पाडा यांना एकाच मापाने मोजू नका.

आधी माझी चूक सांगते. आमचा पहिला वर्ग मी जवळजवळ वाया घालवला. प्रोजेक्टर लावला, हृदयाचे कप्पे दाखवले, पचनसंस्था दाखवली, जीवनसत्त्वांचा तक्ता भिंतीवर टांगला. बाया रोज न चुकता यायच्या, मान डोलवायच्या, चहा घेऊन घरी जायच्या. शेवटच्या दिवशी एकीच्या हातात थर्मामीटर दिला, तर तिने तो उलटा धरला. चूक तिची नव्हती. इतक्या दिवसांत तिच्या हातात तो एकदाही दिला गेला नव्हता. त्यानंतर आम्ही नियमच केला: जी गोष्ट ताईला घरोघर जाऊन हाताने करायची नाही, ती वर्गात शिकवायची नाही.

आधी कोणाकडे जायचं

अभ्यासक्रम नंतर लिहा, आधी माणसं भेटा. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली आलं आणि साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती, ही रचना उभी राहिली. आशांचं प्रशिक्षण सरकार करतं, त्याची पुस्तकं ठरलेली आहेत, मराठीत आहेत आणि चांगली आहेत. ती पुन्हा लिहिण्याच्या फंदात पडू नका. कॉलेजने भरून काढायची उणीव वेगळी आहे. सातपुड्यात एक गाव म्हणजे टेकड्या-टेकड्यांवर पसरलेले सात-आठ पाडे. उपकेंद्र आदिवासी भागात तीन हजार लोकांमागे एक (सपाटीवर पाच हजारांमागे), प्राथमिक आरोग्य केंद्र वीस हजारांमागे एक (सपाटीवर तीस हजार). कागदावर हिशोब बरोबर जुळतो, पण पावसाळ्यात नाला भरला की आशाताई पलीकडच्या पाड्यावर जाऊच शकत नाही. त्या पाड्यावरच राहणारी, आशाच्या हाताखाली काम करणारी कोणीतरी हवी. तिला आम्ही पाड्याची ताई म्हणतो.

म्हणून क्रम असा ठेवा. कॉलेजचं पत्र घेऊन तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा आणि परवानगी लेखी घ्या. मग आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. त्यानंतर गट प्रवर्तक, म्हणजे आशांच्या कामावर देखरेख ठेवणारी. माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची भेट हीच. कोणत्या पाड्यावर कोणाच्या शब्दाला वजन आहे, कोणत्या घरात सून चार महिन्यांची गरोदर असूनही नोंद झालेली नाही, हे गट प्रवर्तकाला तोंडपाठ असतं. शेवटी आशाताईच्या घरी जा, ओट्यावर बसा. आपल्या जागेवर दुसरी येतेय की काय, ही शंका तिच्या मनात येणारच. ‘ताई, तुमच्या हाताखाली एक माणूस तयार करायचंय, कोण घेऊ ते तुम्हीच सांगा,’ असं म्हटलं की निम्मं काम होतं. हा टप्पा आम्ही एका गावात गाळला होता. तिथल्या आशाताईने आम्ही तयार केलेल्या ताईला वर्षभर जुलाबावरच्या ओआरएसचं एकही पाकीट दिलं नाही. माझ्या मते तिचं बरोबरच होतं.

पहिल्याच बैठकीत, सगळ्यांसमोर, मोठ्याने सांगा की ही सरकारी नोकरी नाही आणि सर्टिफिकेटवर नोकरी लागणार नाही. ‘कॉलेजवाले परमनंट करणार’ ही अफवा एकदा पसरली की निवडीत भाऊबंदकी शिरते, पुढाऱ्यांच्या सुना यादीत येतात आणि खरी कामाची बाई मागे राहते. पण नोकरी नाही म्हणून फुकट राबवायचं, असंही करू नका. प्रशिक्षणाच्या दिवशी तिचा रोज बुडतो. त्याची भरपाई, येण्याजाण्याचं भाडं आणि जेवण या तीन गोष्टी बजेटच्या पहिल्या ओळीत लिहा, बॅनर-फाईल-पेनच्या आधी.

तारखा कॅलेंडर बघून नव्हे, शेत बघून

विद्यापीठाचं शैक्षणिक वेळापत्रक आणि बायांचं वर्ष यांचा काडीचाही मेळ नाही. जूनमध्ये पेरणी, जुलैत निंदणी. दसऱ्यापासून कापूस वेचणी. दिवाळी झाली की सातपुड्यातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे निघतात, ती होळीला परततात. होळीच्या आधी आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात, त्या आठवड्यात वर्ग ठेवलात तर तुम्ही एकटेच बसाल. उन्हाळ्यात धडगावकडे घरोघरी आमचूर वाळत पडलेला असतो. खाली जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी दोन वाजता कोणाला काय शिकवणार? श्रावणात घरोघरी कानबाई (खानदेशातली देवी) बसते, त्या रविवार-सोमवारी तिचे रोट सोडून कोणी येत नाही. आणि अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, निम्म्या बाया माहेरी.

मग उरतं काय? आम्हाला जमलं ते असं: होळीनंतरचे तीन आठवडे, आणि निंदणी आटोपल्यावर पोळ्यापासून दसऱ्यापर्यंतचा काळ. सलग पंधरा दिवस ठेवू नका. तीन दिवस शिकवणं, मग तीन-चार आठवडे गावात काम, मग पुन्हा तीन दिवस. बाजाराचा दिवस टाळा. वेळ अकरा ते चार. अंगावर पिणारं बाळ घेऊन येणाऱ्या चार-पाच जणी असणारच, त्यांच्यासाठी वर्गातच झोळी बांधा. आमच्या कॉलेजात ‘वर्गात झोळी बरी दिसत नाही’ असं एका सरांचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच झोळीतलं बाळ घेऊन आम्ही श्वास मोजायला शिकवलं.

कोण घ्यायचं

आशाच्या मूळ निकषांत गावातच राहणारी, पंचवीस ते पंचेचाळीस वयाची विवाहित, विधवा किंवा परित्यक्ता स्त्री आणि आठवीपर्यंतचं शिक्षण असं म्हटलं आहे. तशी बाई मिळालीच नाही तर शिक्षणाची अट शिथिल करता येते. वय आणि ‘गावातच राहणारी’ हे दोन निकष जसेच्या तसे घ्या. अविवाहित हुशार मुलगी बघून मोह होतो, पण वर्षभरात ती सासरी जाते. शिक्षणाच्या अटीचा मात्र बाऊ नको. जामखेडला आरोळे दांपत्याने १९७० साली काम सुरू केलं, तिथल्या ग्राम आरोग्य सेविकांत कित्येक जणी निरक्षर होत्या, आणि त्यांनी शिकवलेलं बघायला जगभरातून लोक आले. गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी करून दाखवली, आणि तीच पद्धत २०११पासून देशभरच्या आशांच्या कामात आली.

एका तुकडीत वीस-बावीसच घ्या. निवड पाड्याच्या बैठकीत करा आणि बैठकीत बायांना बोलू द्या. त्या ज्या घराकडे बोट दाखवतात, तिथेच आजवर रात्री-अपरात्री लोक जात आले आहेत. ती बाई कदाचित दाईकाम करणारी असेल. तिला घ्या.

हाताने शिकवायच्या चार गोष्टी

यादी लांबवायचा मोह आवरा. पहिल्या तीन महिन्यांत या चार पक्क्या झाल्या तरी पुष्कळ.

पहिली, जुलाब आणि ओआरएस. एक पाकीट, एक लिटर पाणी. वाक्य सोपं वाटतं ना? आता ताईला विचारा, तुझ्या घरात एक लिटर म्हणजे किती. आम्ही विचारलं तेव्हा एकीने तांब्या दाखवला, दुसरीने स्टीलचा डबा, तिसरीने प्लास्टिकचा मग. मोजून बघितलं तर तांब्यात पाऊण लिटरही मावत नव्हतं. पाणी कमी पडलं की द्रावण खारट होतं, बाळाला ते बाधतं आणि बाळ तोंड फिरवतं. तेव्हापासून प्रत्येक ताईला बाजारात मिळणारी पाण्याची रिकामी लिटरची बाटली आणायला सांगतो. ती भरून आपापल्या घरच्या भांड्यात ओतायची आणि पाणी जिथवर येईल तिथे खिळ्याने खूण करायची. पुढे ती ज्या घरी जाते तिथल्या भांड्यावरही अशीच खूण करून येते. द्रावण चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. सोबत झिंकची गोळी चौदा दिवस: सहा महिन्यांवरच्या बाळाला वीस मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला त्याच्या निम्मी, आईच्या दुधात विरघळवून. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबतात आणि घरचे गोळी बंद करतात, म्हणून आठव्या दिवशी पुन्हा जाऊन पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायला शिकवा.

दुसरी, श्वास मोजणं. न्यूमोनिया ओळखायची ही सगळ्यांत स्वस्त तपासणी. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षं चाळीस किंवा जास्त श्वास पडत असतील तर धोका. आमचे विद्यार्थी हुशारी करून अर्धा मिनिट मोजायचे आणि दुप्पट करायचे. तसं चालत नाही, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, पूर्ण मिनिट मोजावं लागतं. बाळ रडत असेल तर थांबायचं. आईने अंगावर घ्यावं, ते शांत झालं की झबलं वर करायचं आणि पोटाकडे बघायचं. पोट वर आलं की एक. मोबाईलमधला टायमर लावला तर एक डोळा मोबाईलकडे जातो आणि दोन-तीन श्वास निसटतात, म्हणून सुरुवातीला जोडीने करा: एकीने वेळ बघायची, दुसरीने मोजायचं. आकडे लक्षात राहत नसतील तर मण्यांची माळ करा. एका रंगाचे चाळीस मणी, पुढे दहा वेगळ्या रंगाचे, त्यापुढे आणखी दहा तिसऱ्या रंगाचे. श्वासागणिक मणी सरकवला की बाळाच्या वयाप्रमाणे रंग बघायचा. ही माळ निरक्षर ताईच्या हातात पदवीधराच्या वहीपेक्षा चांगली चालते.

तिसरी, नवजात बाळ. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट; घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. भेटीत काय बघायचं ते पुस्तकात आहे. आम्ही त्यात भर घातली ती दादरच्या, म्हणजे आमच्याकडच्या रब्बी ज्वारीच्या, बाळांची. जुन्या साडीच्या तीन पिशव्या शिवल्या, त्यात दादर भरली: एकीत १८०० ग्रॅम, दुसरीत २५००, तिसरीत ३०००. वर गोल डोकं बांधलं, टोपडं घातलं. डोळे मिटून बाळ हातात घ्यायचं आणि कोणतं ते सांगायचं. दोन दिवसांत हात तयार होतो. तरी वजन काट्यावरच करायचं, पण अडीच किलोच्या खालचं बाळ हातात येताच ताईच्या मनात घंटा वाजली पाहिजे. त्याच बाळांवर पाळीपाळीने गुंडाळणं, टोपडं घालणं आणि आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणं शिकवा. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडलंय किंवा तापलंय, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, बेंबीत पू आहे, हातपाय ढिले पडलेत: यातलं एकही दिसलं तर घरगुती उपाय नाही, गाडी बोलवायची. आई आणि बाळासाठी १०२, तातडीच्या वेळी १०८. पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर झोळी कोण उचलणार त्या चार जणांची नावं आधीच ठरवून ठेवायची.

चौथी, दंडाची पट्टी. डावा दंड, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये, हात सैल सोडलेला. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर अतितीव्र कुपोषण, पट्टीवरचा लाल रंग. नवशिकी ताई पट्टी आवळते आणि सगळ्या पाड्याला लाल करून टाकते. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. दोन्ही पावलांवर अंगठा दाबून सूज बघायची, कारण सुजलेलं मूल पट्टीला धडधाकट वाटतं.

साप, लू (उन्हाचा तडाखा), क्षयाचा खोकला, लोहाच्या गोळ्या हे सगळं पुढच्या फेऱ्यांत घ्या. साप चावल्यावर एवढंच: कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही, सरळ दवाखाना.

सिकलसेल शिकवताना जपून

नंदुरबारमध्ये काम असेल तर रक्तातल्या या आनुवंशिक आजाराचा विषय टाळता येणार नाही. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान २०२३च्या जुलैत सुरू झालं, तपासण्या वाढल्या, पण अर्थ न समजता हातात आलेला कागद घरं मोडतो. पहिल्यांदा फरक पक्का करा: वाहक म्हणजे आजारी नव्हे. मग दोन्ही आईबाप वाहक असतील तर काय होतं ते मक्याच्या दाण्यांनी दाखवा. दोन वाट्या घ्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत एक लाल दाणा, एक पांढरा. डोळे मिटून दोन्हींतून एकेक उचला. दोन्ही लाल आले तर बाळाला आजार, एकच लाल तर बाळ वाहक, दोन्ही पांढरे तर काहीच नाही. दाणे परत वाटीत टाका आणि पुन्हा उचला. हे परत टाकणं महत्त्वाचं. ‘चारात एक’ ऐकून बाया समजतात की पहिलं आजारी झालं, आता पुढची तीन सुटली. एका ताईने लागोपाठ दोनदा दोन्ही लाल उचलले आणि वर्ग गप्प झाला. तिच्या जावेच्या घरी तसंच झालं होतं.

रिपोर्ट चारचौघांत वाचायचा नाही, ज्याचा त्यालाच सांगायचा. सुनेचा रिपोर्ट सासूला सांगायचा नाही. पहिल्या तपासणीत दोष दिसला तर पक्की तपासणी होईपर्यंत ‘आजार आहे’ असा शब्दही काढायचा नाही. ज्याला आजार आहे त्याने पाणी भरपूर प्यावं, थंडी आणि अतिश्रम टाळावेत, ताप आला की थांबू नये. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबात असा मुलगा असेल तर निघायच्या आधी त्याची औषधं बरोबर दिली आहेत की नाहीत, हे बघणं ताईचं काम.

बोली

आपण प्रमाण मराठीत ‘वेदना कुठे होतात’ म्हणतो, तापीकाठची बाई ‘पोट दुखस’ म्हणते आणि डोंगरातली पावरी बोलते. अहिराणीत ‘काय व्हस तुले?’ एवढं विचारलं तरी समोरची मोकळी होते. पावरी किंवा भिली येत नसेल तर प्रत्येक गटात दोन्ही भाषा जाणणारी एक ताई बसवा आणि भाषांतराला वेळ द्या. समजलं का, असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. त्याऐवजी म्हणा, ‘आता हेच तुझ्या सासूला सांग.’ एक बाई सासू होते, पदर सावरून बसते, ‘आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या’ म्हणून अडवते. वर्ग हसतो, आणि कुठे शिकवणं कच्चं राहिलंय ते तुम्हाला लगेच कळतं. भगताची टिंगल मात्र सासूच्या तोंडूनही होऊ देऊ नका. लोक त्याच्याकडे जाणारच. ‘भगताकडे जा, पण आधी दवाखान्यात’ एवढं गळी उतरलं तरी जीव वाचतो, आणि काही भगत पुढे स्वतःच रोगी पाठवतात.

विद्यार्थ्यांचं काय

नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्रीय प्रकल्पाला श्रेयांक (क्रेडिट) आहेत. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे दोन श्रेयांकांत साठ तास हाताशी येतात. राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिरही जोडून घ्या. पण विद्यार्थ्यांना शिक्षक म्हणून पाठवू नका. दोन विद्यार्थी एका ताईला जोडून द्या. ते नोंदी करतील, मोबाईलवर फॉर्म भरतील, पाड्याचा नकाशा काढतील. ताई बोलेल. सेल्फी घराबाहेर, मूल आणि बाळंतीण यांचे फोटो अजिबात नाहीत. हे लेखी घ्या.

परीक्षा आणि त्यानंतरचं वर्ष

लेखी पेपर नको. चार टेबलं मांडा: ओआरएस, श्वास, बाळ, पट्टी. प्रत्येक टेबलावर आरोग्य केंद्राची सिस्टर किंवा गट प्रवर्तक बसेल आणि पायऱ्यांची यादी बघून खूण करेल. चुकली तर नापास नाही, पुन्हा सराव आणि पुन्हा टेबल. आमच्याकडे एक ताई श्वासाच्या टेबलावर पाचव्यांदा पास झाली, आणि आता तीच नव्यांना शिकवते.

सर्टिफिकेट वाटपाच्या दिवशी काम संपलं असं बहुतेक कॉलेजांना वाटतं. खरं तर पहिले तीन महिने दर पंधरवड्याला कोणीतरी तिच्याबरोबर दोन घरं फिरलं पाहिजे. बाजूला उभं राहायचं, मध्ये बोलायचं नाही, चूक झाली तर परतीच्या वाटेवर सांगायची. गावात लोक तिला डॉक्टरीणबाई म्हणू लागतील, सुई मागतील, सलाईन लावून दे म्हणतील. नाही कसं म्हणायचं, तेही सासू-सुनेच्या खेळात बसवून घ्या. थर्मामीटरचा सेल संपलाय, पट्टी फाटलीय, काट्याचा हूक तुटलाय, अशा फुटकळ कारणांनी काम थांबतं. त्यासाठी कॉलेजात एक पेटी भरून ठेवा आणि किल्ली क्लार्ककडे नको, स्वतःकडे ठेवा.

आणि अखाजीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक ताईला फोन करा. पहिलटकरीण माहेरी येते तेव्हा तिचं नाव सासरच्या रजिस्टरात असतं आणि पोट माहेरात. दोन्हीकडची आशा समजते की दुसरी बघते आहे. कोणाच्या घरी कोणती लेक आली, कितवा महिना, लसीचं कार्ड सोबत आहे का, रक्त तपासलंय का, एवढ्या चार गोष्टी वहीत उतरवून त्याच संध्याकाळी आशाताईला कळवायच्या. कार्ड सासरी राहिलं असेल तर नवऱ्याला त्याचा फोटो मोबाईलवर पाठवायला सांगायचं.